पेट्रोल संपून बंद पडलेली हायब्रिड गाडी : मोठी बॅटरी वाचवण्यासाठी तपासणीचा क्रम

"भाऊ, पेट्रोल त टाकलं, पण गाडी चालूच नाही होऊन राहिली." परतवाड्यात चिखलदऱ्याच्या घाटाच्या पायथ्याशी माझे गॅरेज आहे आणि सेमाडोह, हरिसाल, धारणीकडे जाणारा रस्ताही येथूनच पुढे निघतो, त्यामुळे हे वाक्य मी दर उन्हाळ्यात आणि दर दिवाळीच्या सुट्टीत ऐकतो. बिघाड दर वेळी तोच असतो. त्यातल्या बहुतेक गाड्या पेट्रोल संपल्यामुळे खराब झालेल्या नसतात. पेट्रोल संपल्यानंतरच्या अर्ध्या तासात जे केले गेले, त्यामुळे त्या खराब होतात. म्हणून तपासणीचा क्रम येथे सविस्तर लिहीत आहे.

लक्षणे

या बिघाडाची चार रूपे मी पाहिली आहेत. पहिल्या रूपात पेट्रोल टाकून, ब्रेक दाबून पॉवर बटण दाबले की गाडी चालायला तयार असल्याचा 'रेडी'चा दिवा लागतो, इंजिन काही सेकंद फिरते, पण पेट घेत नाही, आणि मग हायब्रिड प्रणालीत बिघाड असल्याचा इशारा येऊन सगळे थांबते. दुसऱ्या रूपात डॅशबोर्ड नेहमीसारखा उजळतो, परंतु 'रेडी' लागतच नाही आणि इंजिन फिरण्याचा आवाजही येत नाही. तिसऱ्या रूपात डॅशबोर्डच मंद किंवा काळा असतो, रिमोटने दरवाजे उघडत नाहीत, किंवा बटण दाबल्यावर आतून नुसता टकटक असा आवाज येतो. चौथे रूप सर्वांत फसवे आहे, कारण त्यात गाडी सुरू होते आणि चालतेही. मात्र पडद्यावरच्या बॅटरीच्या रेघा पाच-दहा मिनिटांत भरतात आणि तितक्याच लवकर उतरतात, मागच्या बाजूचा पंखा मोठ्याने फिरत राहतो, चढावर जोर मिळत नाही आणि मायलेज घसरते.

पहिले रूप बहुधा पेट्रोलचे असते आणि तिसरे संगणक आणि दिवे चालवणाऱ्या छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीचे असते. दुसरे रूप छोट्या बॅटरीचेही असू शकते आणि गाडीची मोटर चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीचेही. चौथ्या रूपात मोठ्या बॅटरीच्या आतल्या सेलना इजा झालेली असते, आणि तेथे घरच्या घरी करण्यासारखे फारच थोडे उरते.

हे सर्व ज्या गाड्या केवळ मोटरवरही चालू शकतात अशा स्ट्राँग हायब्रिड गाड्यांबद्दल आहे : ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरची स्ट्राँग हायब्रिड मॉडेल, इनोव्हा हायक्रॉस, इन्व्हिक्टो, सिटी ई-एचईव्ही, जुनी कॅमरी किंवा प्रियस. सियाझ किंवा अर्टिगावर 'स्मार्ट हायब्रिड' लिहिलेले असले, तरी त्या गाड्या मोटरवर एकट्या चालत नाहीत. त्यांतील विद्युत मदत फार छोटी असते, त्यामुळे पेट्रोल संपल्यावर त्या साध्या गाडीसारख्याच जागेवर थांबतात आणि पुढील बरेचसे त्यांना लागू होत नाही.

मोठ्या बॅटरीला धक्का का बसतो

हायरायडर आणि ग्रँड व्हिटारा स्ट्राँग हायब्रिडची मोठी बॅटरी १७७.६ व्होल्टची असून तिची साठवण ०.७६ किलोवॅट-तास, म्हणजे विजेच्या बिलाच्या भाषेत पाऊण युनिट आहे. विहिरीवरचा ३ अश्वशक्तीचा पंप एवढ्या विजेवर जेमतेम वीस मिनिटे चालेल. आणि हे पाऊण युनिटही पूर्ण वापरायचे नसते. गाडीचा संगणक बॅटरी फार भरू देत नाही आणि फार उतरूही देत नाही, मधल्या पट्ट्यात ठेवतो, म्हणूनच ती वर्षानुवर्षे टिकते. पेट्रोल संपल्यावरही गाडी पुढे जाते आहे असे दिसते, तेव्हा ती या मधल्या पट्ट्याच्या तळाकडे जात असते. सपाट रस्त्यावर असे एक-दोन किलोमीटर मिळतात, घाटात तेवढेही मिळत नाहीत.

यात दुसरी एक अडचण आहे, जी साध्या गाडीची सवय असलेल्यांच्या लक्षात येत नाही. टोयोटाच्या पद्धतीच्या हायब्रिडमध्ये वेगळा स्टार्टर नसतो. इंजिन फिरवण्याचे काम मोठ्या बॅटरीवर चालणारी मोटरच करते. म्हणजे बॅटरी भरायला इंजिन हवे आणि इंजिन सुरू करायला बॅटरी हवी. रिकाम्या टाकीवर केलेला प्रत्येक प्रयत्न बॅटरीतून काढून घेतो आणि परत काही देत नाही. पातळी ठरावीक मर्यादेखाली गेली की संगणक रिले (विजेवर चालणारे स्विच) उघडून बॅटरीचा जोड तोडतो, आणि त्यानंतर टाकी काठोकाठ भरली तरी इंजिन फिरवायला कोणी उरत नाही.

रिले उघडेपर्यंत सेलना सहसा कायमची इजा होत नाही, ही समाधानाची बाब आहे. इजा होते ती नंतर, तशाच उतरलेल्या अवस्थेत गाडी उभी ठेवल्याने. निकेल-मेटल-हायड्राइड सेल स्वतःहून हळूहळू उतरतात, आणि ओळीने जोडलेल्या सेलमधला एखादा दुबळा सेल पूर्ण रिकामा झाल्यावर त्याच्यातून प्रवाह ओढला गेला तर त्याची ध्रुवता, म्हणजे अधिक-उणे टोके, उलटते. लिथियम सेल ठरावीक व्होल्टेजच्या खाली गेला तर आतल्या पातळ तांब्याच्या पत्र्यातले तांबे विरघळू लागते आणि पुन्हा चार्ज करताना ते आतच शॉर्ट करू शकते; म्हणून संगणक असा सेल पुन्हा चार्ज करण्यास नकार देतो, आणि तो नकार योग्यच असतो.

एक गाडी चिखलदऱ्याहून उतरताना वरच पेट्रोलवाचून राहिली होती. उतारावर ब्रेकमुळे बॅटरी भरत गेली, पायथ्याशी येईपर्यंत रेघा जवळजवळ पूर्ण झाल्या, आणि चालकाला वाटले की आता परतवाड्यापर्यंत अडचण नाही. सपाटीवर लागताच त्या रेघा भराभर उतरल्या, गाडी थांबली, कोणीतरी दुचाकीवरून २ लिटर पेट्रोल बाटलीत आणून टाकले, आणि मग बटण सात वेळा दाबले गेले. गाडी माझ्याकडे आली तेव्हा 'रेडी' लागत नव्हता. तिच्या बॅटरीत बिघाड असा काहीही झाला नव्हता. ती फक्त रिकामी केली गेली होती.

पहिल्या अर्ध्या तासात

गाडी बाजूला घेऊन 'पी'मध्ये टाकावी आणि पॉवर पूर्ण बंद करावी. मे महिन्यात ४४ अंशांत, लेकरेबाळे गाडीत असताना एसी चालू ठेवण्याचा मोह मी समजू शकतो, परंतु 'रेडी'त एसी चालू असला की तो मोठ्या बॅटरीवरच चालतो आणि इंजिन मदतीला येत नाही. झाडाच्या सावलीत बसावे. चेतावणीचे दिवे लागतील तेवढेच ठेवावेत, कारण पॉवर बंद असताना ते छोट्या बॅटरीवर चालतात. त्रिकोणी परावर्तक गाडीमागे ठेवला तर दिव्यांचा भार कमी होतो.

धक्का देऊन ही गाडी सुरू होत नाही, कारण क्लच सोडून इंजिनाला फिरवण्याची सोयच तिच्यात नाही. आणि ट्रॅक्टरने टोचन करून तर ती नेऊच नये. मोटरने चालणारी चाके जमिनीवर फिरली की त्यांना जोडलेली चुंबकाची मोटरही फिरते आणि गाडी बंद असली तरी वीज तयार करते. त्या विजेने आतले इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात. गावाकडे कोणाची गाडी अडली की दोर आणि ट्रॅक्टर घेऊन माणसे धावून येतात, ही आपल्याकडची चांगली गोष्ट आहे, परंतु या गाडीच्या बाबतीत त्यांचे आभार मानून थांबवावे लागते. रस्त्याच्या कडेला घेण्यापुरते हाताने ढकलणे वेगळे.

पहिली तपासणी : पेट्रोल किती आणि कसे

सर्वांत स्वस्त तपासणी हीच आहे आणि माझ्याकडच्या अर्ध्याअधिक गाड्या येथेच सुटतात. १-२ लिटर पुरत नाहीत. टाकीचा तळ रुंद असतो, गाडी उतारावर असेल तर तेवढे पेट्रोल एका कोपऱ्यात जमा होते आणि पंपाच्या तोंडाशी पोहोचत नाही. शिवाय पातळी मोजणाऱ्या तरंगत्याने पुरेसे पेट्रोल 'पाहिले' नाही तर संगणक टाकी रिकामीच समजतो. मी निदान ७ ते ८ लिटर टाकतो आणि शक्य असेल तर गाडी सपाट जागी ढकलून आणतो.

पेट्रोल कुठून आणले हेही विचारावे. मेळघाटातल्या गावांत दुकानावर बाटलीतले सुटे पेट्रोल मिळते, आणि अडचणीत माणूस ते घेतो. परंतु आता मिळणाऱ्या ई२० पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. पावसाळ्यात प्लास्टिकच्या डबकीत बरेच दिवस उघडे राहिलेले पेट्रोल तळाशी पाणी धरू शकते. पारदर्शक बाटलीत थोडे घेऊन उजेडात पाहिले की गढूळपणा किंवा खालचा वेगळा थर दिसतो. असे पेट्रोल टाकून केलेले पाच प्रयत्न बॅटरीला रिकाम्या टाकीइतकेच महाग पडतात.

ट्रॅक्टर हाताळणाऱ्यांना डिझेल संपल्यावर हवा काढण्याची सवय असते. पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत तसे काही सैल करू नये. टाकीतला पंप नळीत दाब आपोआप तयार करतो, त्याला फक्त थोडा वेळ लागतो. हाच पंप पेट्रोलमुळे थंड राहतो, त्यामुळे कोरडा फिरवला तर तोही जातो.

आता प्रयत्न करताना एसी, दिवे, म्युझिक बंद ठेवून ब्रेक घट्ट दाबावा आणि बटण एकदाच दाबावे. इंजिन फिरून पेट घेत नसेल तर पॉवर बंद करून दोन मिनिटे थांबावे व दुसऱ्यांदा पाहावे. मी तिसऱ्या प्रयत्नानंतर हात मागे घेतो, आणि गाडीच्या मालकालाही तेच सांगतो. इंजिन सुरू झाले तर गाडी 'पी'मध्येच ठेवावी, एसी न लावता, इंजिन आपोआप बंद होईपर्यंत. तोपर्यंत बॅटरी कामापुरती भरते. 'एन'मध्ये ठेवू नये, कारण 'एन'मध्ये इंजिन चालू असूनही मोठी बॅटरी चार्ज होत नाही.

दुसरी तपासणी : छोटी १२ व्होल्टची बॅटरी

मोठी बॅटरी कितीही चांगली असली तरी तिचे रिले छोट्या बॅटरीच्या विजेवर बंद होतात आणि सगळे संगणक तिच्यावरच जागे होतात. पेट्रोलची वाट पाहताना तासभर चेतावणीचे दिवे, दरवाजे उघडे, पंखा आणि गाणी चालू राहिली की ती उतरते, आणि मालकाला वाटते की लाखाची बॅटरी गेली. दुसऱ्या आणि तिसऱ्या रूपातल्या गाड्यांत मी प्रथम येथेच पाहतो.

बाजारात काही शे रुपयांत मिळणारा साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, ११.८ च्या खाली असेल तर ती उतरली आहे, आणि 'रेडी' न लागण्याचे कारण बहुधा तेच आहे. काही गाड्यांत ही बॅटरी डिकीत असते आणि बॉनेटखाली जंपसाठी वेगळा टोक दिलेला असतो. तो मॅन्युअलमध्ये पाहूनच वायर जोडावी. दुसऱ्या कारची किंवा ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी चालते, परंतु ट्रकची २४ व्होल्टची व्यवस्था जोडू नये, आणि अधिक-उणे उलटे लागले तर क्षणात महाग भाग जळतात. येथे छोट्या बॅटरीला इंजिन फिरवायचे नसते, फक्त संगणक जागे करायचे असतात, म्हणून थोडीच वीज लागते. याच कारणाने आपल्या हायब्रिडच्या छोट्या बॅटरीवरून दुसऱ्याचे इंजिन सुरू करून देऊ नये.

'रेडी' लागल्यावर पुन्हा मोजावे. आता १४ व्होल्टच्या जवळपास दिसले, तर मोठ्या बॅटरीकडून छोटीला वीज मिळत आहे, म्हणजे मोठी बॅटरी जोडली गेली आहे आणि मोठ्या बॅटरीचे व्होल्टेज छोटीसाठी उतरवणारा मधला कन्व्हर्टर काम करीत आहे. एका मोजमापात दोन गोष्टी कळतात.

तिसरी तपासणी : फ्यूज आणि कोड

इंजिन फिरते पण पेट्रोल येत नाही असे वाटत असेल, तर पेट्रोल पंपाचा फ्यूज झाकणावरच्या नकाशाप्रमाणे शोधून पाहावा. यावर अधिक वेळ घालवण्यात अर्थ नाही.

त्यानंतर ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचे छोटे यंत्र) लावून बिघाडाचे कोड वाचावेत, आणि पुसण्याआधी कागदावर लिहून घ्यावेत. टोयोटाच्या पद्धतीच्या गाड्यांत पी३१९० म्हणजे इंजिनाची ताकद अपुरी, पी३१९१ म्हणजे इंजिन सुरू झाले नाही, आणि पी३१९३ म्हणजे इंधन संपले. पी०ए०एफ हादेखील इंजिन सुरू न झाल्याचाच कोड आहे. हे कोड पेट्रोलच्या घटनेची नोंद आहेत, बॅटरी गेल्याचा पुरावा नव्हेत. गाडी व्यवस्थित सुरू होऊन चालू लागल्यावर ते पुसता येतात. याउलट पी०ए८० किंवा पी०ए७एफ दिसला, तर तो मोठ्या बॅटरीच्या झिजेकडे बोट दाखवतो, आणि तो पुसून गाडी चालवत राहणे चुकीचे आहे.

चौथी तपासणी : बॅटरीची हवा आणि खणांचे व्होल्टेज

चौथ्या रूपातल्या गाडीत प्रथम मागच्या सीटच्या बाजूची किंवा खालची हवेची जाळी पाहावी. अनेक हायब्रिड गाड्या मोठी बॅटरी थंड ठेवण्यासाठी आतलीच हवा तेथून ओढतात. आपल्याकडे सीझनमध्ये मागच्या सीटवर कापसाची गाठोडी, बियाण्यांच्या थैल्या, धूळ सगळेच असते. मी एका जाळीतून कापसाच्या तंतूंचा तळहाताएवढा नमदा काढला आहे. उतरलेली बॅटरी परत भरताना गरम होते, आणि हवा बंद असेल तर तीच उष्णता दुबळ्या सेलला संपवते. जाळी मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ करावी, आत पाणी मारू नये.

स्कॅनर मोठ्या बॅटरीच्या वेगवेगळ्या खणांचे, म्हणजे सेलच्या गटांचे, व्होल्टेज दाखवत असेल, तर ते गाडी उभी असताना आणि मग कोणाला तरी शेजारी बसवून चढावर जाताना पाहून घ्यावे. जुन्या प्रियसमध्ये २०१.६ व्होल्टची बॅटरी २८ मॉड्यूलची असते आणि संगणक ती १४ खणांत मोजतो. सगळे खण एकत्र वर-खाली होत असतील तर बॅटरी फक्त उतरली होती. एकच खण भार पडताच इतरांपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त खाली जात असेल आणि दर वेळी तोच जात असेल, तर त्याच्यातला सेल गेला आहे असे मी धरतो.

येथे थांबावे

मोठ्या बॅटरीची उच्च व्होल्टेजची नारिंगी वायर दिसली की तपासणी संपली. मीसुद्धा १,००० व्होल्टचे रबरी हातमोजे, मोठ्या बॅटरीचा जोड तोडणारा सर्व्हिस प्लग काढणे आणि त्यानंतर कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरेपर्यंत थांबणे, हे सर्व शिकल्यानंतरच झाकणाला हात लावतो, आणि वॉरंटीतल्या गाडीचे झाकण मी उघडतच नाही. आपल्याकडच्या बहुतेक स्ट्राँग हायब्रिड गाड्यांच्या मोठ्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी असते. बाहेर उघडलेल्या बॅटरीवरचा दावा नाकारला जाऊ शकतो. बॅटरी सुटी करून बाहेरच्या चार्जरवर, किंवा त्याहून वाईट म्हणजे वेल्डिंगच्या ट्रान्सफॉर्मरवर चार्ज करण्याचे उद्योग मी पाहिले आहेत. एकदिश (डीसी) २०० व्होल्टची ठिणगी घरच्या विजेसारखी शून्यातून जात नाही, त्यामुळे ती तुटत नाही, आणि माणूस तिला चिकटून मरू शकतो. अशी बॅटरी चार्ज करण्याचे साहित्य अधिकृत केंद्राकडे असते. ते काम त्यांच्याकडेच द्यावे.

पुरेसे चांगले पेट्रोल आहे, छोटी बॅटरी १२.६ दाखवते आणि तरीही 'रेडी' लागत नाही. पी०ए८० आला आहे. मागच्या बाजूने कुजका किंवा गोडसर वास, सूज अथवा अनैसर्गिक उष्णता जाणवते. किंवा तीन प्रयत्न होऊन गेले आहेत. यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी फोन करावा. वास किंवा उष्णता असेल तर माणसांना आधी लांब न्यावे आणि गाडी घराला किंवा गोठ्याला लागून उभी करू नये.

त्याच दिवशी, हे मी मुद्दाम लिहितो. एक गाडी रिकामी झाल्यानंतर शेतातल्या टिनाच्या शेडमध्ये तीन आठवडे उभी राहिली, कारण कापूस वेचणी चालू होती आणि कोणाला सवड नव्हती. पहिल्या दिवशी आली असती तर तिला केवळ चार्जिंग लागले असते. तीन आठवड्यांनी केंद्राने ती बॅटरी चार्ज करण्यास नकार दिला.

नेताना पूर्ण सपाट पाट्याचा ट्रेलर मागावा, म्हणजे चारही चाके वर राहतील. कंपनीच्या मदत सेवेचा क्रमांक सहसा मॅन्युअलच्या पाकिटात असतो, परंतु धारणीच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी नेटवर्क नसते, म्हणून तो आधीच कागदावर लिहून डॅशबोर्डच्या खणात ठेवावा. केंद्राकडे गाडी देताना पेट्रोल किती वाजता संपले, त्यानंतर बॅटरीवर अंदाजे किती अंतर चालवली, बटण किती वेळा दाबले, किती पेट्रोल कुठून टाकले, छोट्या बॅटरीचे व्होल्टेज आणि पुसण्याआधीचे कोड, हे एका चिठ्ठीवर लिहून द्यावे. बटण खरोखर जितक्या वेळा दाबले तेवढाच आकडा लिहावा. मेकॅनिक बॅटरीची उरलेली पातळी त्यावरूनच अंदाजतो.